मी कात टाकायला बसले नव्हते

आमच्या शेतात रेशमाच्या अळ्यांचं शेड आहे. दाराशी चुना पसरलेलं एक पोतं, शेजारी पाण्याची बादली आणि साबणाची वडी. आत जायचं तर चपला बाहेर काढायच्या, पाय चुन्यावर पुसायचे, हात धुवायचे. वासाचं तेल चालत नाही, उदबत्ती चालत नाही, आणि तंबाखू तर बिलकुल नाही. तंबाखूच्या हातानं तुतीचा पाला घातला तर अळी मरते. म्हणून माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, शेड बांधल्यापासून कधी आत गेल्या नव्हत्या. त्या दाराशी दगडावर बसायच्या, तळहातावर तंबाखू मळत, आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाला विचारायच्या, "हात धुतले का?"

हे, म्हणजे माझे मालक, आईला अय म्हणतात. एकदा ते त्यांना म्हणाले, "अय, तंबाखू सोड अन् तूच ये ना आत."

त्या म्हणाल्या, "अळ्या सोडीन, तंबाखू न्हाई सोडायची."

हे आधी सांगितलं, कारण आमच्या घरानं माझं आजारपण अळ्यांवरूनच समजून घेतलं. काही बराबर समजलं, एक गोष्ट फार चुकीची समजली.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. चारचौघांत मला बोलता येत नाही. बाजारात भाव विचारायचा असला तरी दुसरी कुणी बाई विचारेपर्यंत मी थांबते. लिहिताना समोर कुणी नसतं, म्हणून लिहिता येतं. हे कुणाला दाखवायला लिहीत नाही. पण कधी एखादी बाई भेटली, तिला हाच आजार असला आणि तीही माझ्यासारखीच न बोलणारी असली, तर तिच्या हातात देईन.

गाठ

रविवारी आत्याबाई माझ्या डोक्याला तेल लावतात. लग्न होऊन आले तेव्हापासूनचं आहे हे. माझी आई मी लहान असतानाच गेली, हे त्यांना माहीत होतं. पहिल्या रविवारी त्या म्हणाल्या होत्या, "ये, बस. सुनेचं डोकं सासूनं बघू न्हाई असं कुठं लिव्हलंय का?"

त्या रविवारी त्यांचं बोट मानेवरून खाली आलं आणि थांबलं.

"हे काय गं?"

"काय?"

"गाठ हाय. ही बघ, अन् ही दुसरी. कवापासून?"

"असंल महिना, दोन महिने."

"अन् बोलली न्हाई?"

मी काय बोलणार? दुखत नव्हती. जे दुखत नाही ते कुणाला कसं सांगायचं? संध्याकाळी अंग गरम लागायचं, झोपेत घाम यायचा, ब्लाउज सैल झाले होते. मला वाटायचं, शेडमधल्या उकाड्यानं होत असेल.

राजूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गाठ गेली नाही. जालन्याला दाखवलं, तिथं टीबीची शंका आली. गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला, आणि मग तो कागद घेऊन संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात जायला सांगितलं.

तिथल्या डॉक्टरबाई तरुण होत्या. चष्मा कपाळावर चढवलेला. कागद वाचून म्हणाल्या, "टीबी नाही."

हे एकदम हसले. "न्हाई ना? मी म्हणतच होतो. चला, बरं झालं." आणि उठायलाच लागले.

"बसा," बाई म्हणाल्या. "टीबी नाही. हा कॅन्सर आहे. लिम्फोमा म्हणतात."

ह्यांचं हसू तोंडावर तसंच राहिलं. ते कुठं ठेवावं हे त्यांना कळेना. मी त्यांच्याकडेच बघत होते, डॉक्टरबाईंकडे बघायचं धाडस नव्हतं.

"ह्या प्रकारात औषधाचा गुण चांगला येतो," त्या म्हणाल्या. "पण औषध पूर्ण घ्यायचं. मध्येच सोडायचं नाही. ताई, तुम्हाला काही विचारायचंय?"

मला विचारायचं होतं, मी मरणार का. तोंडातून आलं, "अळ्यांची नवी बॅच येणार हाय. तेवढी काढू का?"

डॉक्टरबाईंनी चष्मा खाली घेतला. अळ्या कशाच्या, शेड कसं, सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "शेडमध्ये आता पाऊल टाकायचं नाही. मी सांगेपर्यंत."

बसस्टँडवर ह्यांनी केळी घेतली. एक सोलून माझ्यापुढं धरलं.

"भूक न्हाई," मी म्हटलं.

"मला तरी कुठं हाय? पण घरी गेलं की अय विचारील, काय खाल्लं? तिच्यापुढं मला खोटं बोलता येत न्हाई."

मग एकच केळं आम्ही दोघांनी अर्धं अर्धं खाल्लं.

घरी आत्याबाईंनी सगळं ऐकलं. शेवटी इतकंच विचारलं, "बरं होतं का न्हाई, तेवढं सांग."

"होतं म्हणल्या," हे म्हणाले.

"मंग झालं." आणि त्या चुलीकडे वळल्या. त्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं. सगळ्यांनी जेवण संपवलं.

दोन चुली

माझ्या नणंदबाई, सुजाता वन्सं, टेंभुर्णीला शाळेत शिकवतात. खबर कळली तशा सुट्टीच्या दिवशी आल्या. मी भाकरी थापत होते. आजारी माणसानं भाकरी करू नये असं अजून कुणी म्हटलं नव्हतं आणि मलाही हाताला काम हवं होतं.

"वयनी, तुम्हाला काय झालंय ते डॉक्टरनं सांगितलं का समजून?"

"सांगितलं."

"काय सांगितलं?"

मी तव्यावरची भाकरी उलटली. मग त्यांनी माझ्यापुढची परात ओढली आणि पिठात बोटानं एक गोल काढला.

"ही पेशी. आपलं अंग अशा पेशींचं बनलंय. मोजता येत न्हाई इतक्या. डोळ्याला दिसत न्हाईत इतक्या बारीक. ही भवतालची रेघ म्हणजे तिचं पटल. आतलं आत अन् बाहेरचं बाहेर ठेवणारं."

"कूड म्हण की," आत्याबाई उंबऱ्यातून म्हणाल्या.

"कूड, पण हुशार कूड. कुणालाबी आत घेत न्हाई. पाणी सहज येतं-जातं. साखरेला वेगळं दार लागतं. काही वस्तू तर जोर लावून आतबाहेर ढकलाव्या लागतात. जे पाहिजे ते आत, घाण बाहेर."

"आपल्या शेडासारखं," आत्याबाई म्हणाल्या. "दारात मी बसलेली."

"बराबर, तूच." वन्संनी गोलाच्या मध्ये एक ठिपका दिला. "हे केंद्रक. पेशीनं काय करायचं, कधी करायचं, सगळं ह्याच्यात लिहिलेलं. अन् ह्या बारक्या बारक्या चुली, खाल्लेल्याची ताकद इथं तयार होते. प्रत्येकीचं काम ठरलेलं. रक्ताची पेशी रक्ताचं करते, कातड्याची कातड्याचं. अन् झिजलं की भरून काढायला एकीच्या दोन होतात."

"कशा?"

वन्संनी गोलाला दोन्ही बाजूंनी चिमटा काढला. पिठात कमरेसारखी खाच पडली आणि एका गोलाचे दोन झाले.

आत्याबाई पुढं सरकल्या. "म्हणजे वाटणी झाली."

"वाटणीच. पण आधी केंद्रकातल्या सगळ्या लिखाणाची दुसरी नक्कल बनते. मंग एक नक्कल इकडं, एक तिकडं. दोघींला पुरं भेटतं."

"अन् भांडण न्हाई?"

"न्हाई."

"तुझ्या चुलत्याला दाखव हे पीठ," आत्याबाई म्हणाल्या. मी किती तरी दिवसांनी हसले.

मग वन्संचा आवाज जरा खाली आला. "ह्या पेशींला थांबायचं कधी ते कळतं. वयनीच्या गाठीतल्या पेशींला ते कळंना झालंय. लिखाणात कुठंतरी बिघाड झाला. त्या दोनच्या चार, चारच्या आठ होत राह्यल्या. काम काहीच करीत न्हाईत, नुस्त्या वाढून राह्यल्या."

मला लगेच कळलं. कधीकधी शेजारच्या रानातल्या फवारणीचं वारं तुतीवरून जातं. मग काही अळ्या खातात, खातच राहतात, आणि कोष करायची वेळ आली तरी करत नाहीत. चांगली अळी आपोआप खायचं थांबते, पिवळसर होते, धागा सोडायला लागते. ही मात्र पाला खाऊन नुसती फिरत राहते. माझ्या मानेत तसल्या अळ्या होत्या.

"औषध काय करतंय?" हे दारातून म्हणाले. ते कधी येऊन उभे राहिले ते कळलं नव्हतं.

"पेशीत शिरून तिचं दोन होणं मोडतं. पण दादा, त्याला चांगली वाईट कळत न्हाई. ज्या जल्दी जल्दी दोन होतात त्या सगळ्या मारतं. केसाच्या मुळातल्या, तोंडातल्या, रक्त बनवणाऱ्या. म्हणून केस जातील, तोंड येईल. पण त्या चांगल्या पेशी परत वाढतात. वयनी, ध्यानात ठेवा. परत वाढतात."

वन्संनी पीठ सारखं केलं. त्याच पिठाची मी भाकरी थापली. आत्याबाई म्हणाल्या, "ही मी खाते. हिच्या अंगातलं सगळं माहीत झालंय मला."

खारं पाणी

औषधाच्या दिवशी आम्ही पहिल्या गाडीनं निघायचो. मोठ्या खोलीत ओळीनं खुर्च्या, प्रत्येकीच्या डोक्यावर बाटली. आधी साधं सलाईन, मग औषध, मग पुन्हा सलाईन. एक औषध लाल असायचं. पहिल्या वेळी मला वाटलं रक्त लावलं.

शेजारच्या खुर्चीवर मंठ्याच्या एक काकू असायच्या. त्यांना सगळं विचारायची सवय, म्हणून मला काही विचारावं लागायचं नाही.

"सिस्टर, हे मिठाचं पाणी काहून देऊन राह्यले? साधं चांगलं उकळलेलं द्या की."

सिस्टर सुई लावता लावता म्हणाल्या, "काकू, कैरीला मीठ लावलं की काय होतं?"

"पाणी सुटतं."

"तसंच रक्तातल्या पेशीचं. भवती मीठ जास्त झालं की तिच्यातलं पाणी बाहेर येतं, ती सुकते. अन् साधं पाणी नसेत सोडलं तर पाणी तिच्यात घुसतं, ती फुगून फुटते. म्हणून जेवढं आत तेवढंच बाहेर, असं मोजून मीठ घातलेलं."

काकू माझ्याकडे वळल्या. "बघ बाई. आपल्या अंगातल्या पेशीबी सासुरवाशिणीच. जास्त झालं की रडती, कमी झालं की फुगती."

हसताना माझी सुई हलली आणि सिस्टर दोघींवर ओरडल्या. त्या खोलीत हसता येतं हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी पहिल्या दिवशी इतकी घाबरले नसते. म्हणून लिहून ठेवते.

केस दुसऱ्या खेपेच्या आधी गेले. रविवार होता. आत्याबाईंनी सवयीनं तेलाची बाटली काढली, हात लावला आणि केस हातातच आले. त्या थांबल्या नाहीत. सगळे केस हळूहळू काढून मांडीवर ठेवले आणि मग उघड्या डोक्याला तेल लावलं, नेहमीसारखं, नेहमीइतका वेळ.

"लहान लेकरासारखं दिसून राह्यलंय," म्हणाल्या. "माझ्या सुजीचं जावळ काढलं तवा असंच होतं."

तोंड आलं तेव्हा मला तिखट-मीठ काही सोसेना. त्यांनी ज्वारीची आंबील शिजवून, निववून, चमच्यानं दिली. ह्यांना घास भरवायची लाज वाटायची. ते नुसते वाटी धरून बसायचे.

भेटायला येणारी माणसं

आमच्याकडे माणूस आजारी पडलं की भेटायला जायचंच. नाही गेलं तर वाईट दिसतं. आणि गेलं की खाटेवर बसायचं, हात हातात घ्यायचा, तोंडाजवळ तोंड नेऊन विचारायचं, "कसं वाटतंय?" खोकला असो, पडसं असो. मायेनंच येतात सगळे.

डॉक्टरबाईंनी बजावलं होतं की औषधानंतर काही दिवस रक्तातले राखणदार, म्हणजे पांढऱ्या पेशी, मरून कमी होतात, तेव्हा गर्दी नको, बाहेरचा संसर्ग नको. आणि ताप आला तर तेव्हाच्या तेव्हा निघून यायचं, उद्या बघू म्हणायचं नाही.

पण "येऊ नका" हे मी कुणाला म्हणणार? बाबासाहेबांच्या फोटोखाली माझी खाट टाकली होती. लोक यायचे, जयभीम घालायचे आणि बसायचे. मी पदर तोंडाला धरून पडून राहायचे.

एके दिवशी आत्याबाईंनी घराच्या दाराशी चुन्याचं पोतं टाकलं. बादली ठेवली, साबण ठेवला, स्वतः पाट घेऊन बसल्या.

पहिल्या आल्या त्या गल्लीतल्या पारूमावशी. "हे काय गं गयाबाई? अळ्या घरात आणल्या का?"

"सून हाय आत. हात धू, पाय पूस, अन् खिडकीतून बोल."

"मी काय रोग घेऊन आले का?"

"तू न्हाई, तुझा खोकला आलाय तुझ्यासंगं. अळीला जपायचं अन् सुनेला न्हाई? माझी सून अळीहून हलकी हाय का?"

पारूमावशी रागानं निघून गेल्या. दोन दिवसांत गावभर झालं की गयाबाईनं दारात चौकी लावली. काही जण खिडकीशी येऊन हसून बोलून गेले, काही जण रुसले. मला फार लाज वाटली. आणि खरं सांगते, आत कुठंतरी फार बरंही वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या वतीनं कुणीतरी नाही म्हटलं होतं.

सगळे चवड्यावर चालत होते

आता ती गोष्ट, जिच्यासाठी हे लिहायला घेतलं.

अळी मोठी होताना चार वेळा कात टाकते. कात टाकायच्या आधी ती खाणं सोडते, डोकं वर करून गप्प बसते, हलत नाही. नवीन माणसाला वाटतं, मेली. पण तेव्हा तिला हात लावायचा नाही, पाला घालायचा नाही, जागेवरून हलवायचं नाही. हलवलं तर कात अडकते. नुसता चुना भुरभुरायचा आणि थांबायचं. उठली की भुकेली उठते, आणि मग तिला पाला पुरवता पुरवता माणूस थकतं.

माझ्या मधल्या एका खेपेच्या औषधानंतर शेडमधल्या अळ्या शेवटची कात टाकायला बसल्या होत्या, आणि इकडं मीही खाणं सोडलं. बोलणं तर माझं आधीच कमी. गोधडीत पाय पोटाशी घेऊन पडले होते.

आत्याबाईंनी दोनदा वाकून बघितलं आणि ह्यांना म्हणाल्या, "हिला उठवू नको. कात टाकायला बसलीये. उठंल तवा भुकेली उठंल."

"डॉक्टरला फोन लावू का?"

"काहून? अळीला बसल्यावर हलवतोस का तू?"

ह्यांना ते खरंच पटलं. हसू नका. ज्या घराचं सगळं अळ्यांवर चालतं त्या घराला हेच सुचणार. त्यांनी माझ्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला, खिडकीला पडदा लावला. सगळे चवड्यावर चालत होते. भांडंसुद्धा वाजलं नाही. इतक्या मायेनं मला कुणी एकटं सोडलं नव्हतं.

मला थंडी वाजत होती, ऊन असताना. दात वाजत होते ते मी पदर चावून धरले. मला कळत होतं की हे नुसतं थकणं नाही. डॉक्टरबाईंचं बोलणंही आठवत होतं. पण संध्याकाळी अळ्या उठणार, सगळ्यांना पाला कापायला जायचं, आणि अशा वेळी मी कशाला खोळंबा करू? असं म्हणून गप्प राहिले. थोड्या वेळानं तर मलाच वाटायला लागलं की आत्याबाई म्हणतात ते खरं असेल. माझ्या अंगावरून काहीतरी निघून जाईल आणि मी नवी होऊन उठेन.

दुपारी सुजाता वन्संचा फोन आला. आत्याबाई बारीक आवाजात बोलत होत्या. "झोपलीये. कालपासून खाल्लं न्हाई. कात टाकायला बसलीये ती, मी कुणाला हात लावू देत न्हाई."

मग पलीकडून काय आवाज आला ते मला खाटेवरून ऐकू आलं.

"अय! वयनी अळी हाय का? ताप बघितला का तिचा? फोन तिच्या कानाला लाव!"

फोन माझ्या कानाला आला. वन्सं म्हणाल्या, "वयनी, बरं हाय का?"

नेहमीचं उत्तर जिभेवर आलं होतं. हो, बरी हाय. कुणीही विचारलं तरी मी तेच सांगत आले होते, गाठ निघाली तेव्हाही. ते उत्तर दिलं असतं तर फोन ठेवला गेला असता आणि सगळे पुन्हा चवड्यावर चालले असते.

"न्हाई वन्सं," मी म्हटलं. "लई थंडी वाजून राह्यली. मला दवाखान्यात न्या."

एवढंच. पण आत्याबाईंनी माझ्या कपाळावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा काढला. हे अनवाणीच गाडी बघायला पळाले.

काचेपलीकडे

दवाखान्यात मला वेगळ्या खोलीत ठेवलं. काचेचं दार. नसेतून औषध सारखं चालू. डॉक्टरबाई तोंड झाकून आत आल्या. "राखणदार अगदी थोडे उरलेत," म्हणाल्या. "आज आलात ते बरं केलं. उद्यावर ढकललं असतं तर मला काही सांगता आलं नसतं."

मी बाहेर बघितलं. काचेपलीकडे आत्याबाई बाकड्यावर बसल्या होत्या, चपला काढून शेजारी एकीवर एक ठेवून. दार अजून पुरतं लागलं नव्हतं, त्यांनी ते ऐकलं होतं. त्यांचा हात सवयीनं कमरेच्या चंचीकडे गेला, तंबाखूच्या. आणि तसाच परत आला.

मला खरी भीती तेव्हा वाटली. मरायची भीती आधीपासून होती, पण ती लांबून दिसायची. ह्या वेळी ती खाटेवर बसली होती. आणि त्यातही मला सारखं वाटत होतं, मी गेले तर ह्या बाईला जन्मभर वाटत राहील की तिनंच मला गप्प निजवलं. त्यासाठी तरी जगायला पाहिजे.

ताप उतरायला वेळ लागला. एक दिवस खाली आला आणि खालीच राहिला. आत यायची परवानगी मिळाली तेव्हा आत्याबाईंनी दाराशी हात धुतले. खूप वेळ धुतले. मग खुर्चीवर बसल्या.

"मला वाटलं तू..." एवढंच म्हणाल्या.

"आत्याबाई, अळीला बोलता येत न्हाई," मी म्हटलं. "मला येतं. मी बोलायला पाहिजे होतं."

त्यांनी पदरानं माझं डोकं पुसलं, केस नसलेलं.

"अळ्यांचं काय झालं?" मी विचारलं. त्याच संध्याकाळी त्या उठणार होत्या, भुकेल्या, आणि घरात कुणीच नव्हतं.

"पारी आल्ती म्हणं," आत्याबाई म्हणाल्या. "पारू, अन् खिडकीतून परत लावलेल्या सगळ्या. बराबर हात धुऊन, पाय पुसून. तुती कापून आणली, पाला घातला. एक अळी उपाशी न्हाई राह्यली." मग जरा थांबून, "रांड खोकत होती म्हणं, तर पदर बांधला तोंडाला."

रुसून गेलेल्या सगळ्या बायका माझ्या अळ्यांना भेटायला गेल्या होत्या.

दाराशी

त्यानंतरच्या खेपा सोप्या नव्हत्या, पण आता घरात रोज सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लागायचा. कुणी "कशी हाय?" विचारलं की मी खरं सांगायचे. आज तोंड दुखतंय. आज भीती वाटून राह्यली. आज बरं हाय. सुरुवातीला माझा मलाच आवाज ओळखू यायचा नाही.

एक गोष्ट लक्षात आली होती. आत्याबाईंची चंची खुंटीवर लटकलेली असायची आणि रोज बराच वेळ त्या घरी नसायच्या. विचारलं की हे म्हणायचे, "अय शेताकडं गेलीये." मला वाटायचं, दगडावर बसायला जात असतील. मी त्या बाजूला जात नव्हते, डॉक्टरबाईंची मनाई होती.

शेवटच्या खेपेनंतर मोठ्या मशीनमध्ये घालून तपासलं. डॉक्टरबाईंनी ह्या वेळी चष्मा डोळ्यांवरच ठेवला. "गाठी दिसत नाहीत," म्हणाल्या. "तपासायला येत राहायचं. विसरायचं नाही." ह्यांनी एकदम हसायचं टाळलं. आधी विचारलं, "म्हणजे, हसू का आता?" बाईंनाच हसू आलं.

"अन् शेडात जाऊ?" मी विचारलं. स्वतःहून, मोठ्यानं.

"जा. तोंडाला फडकं बांधून."

डोक्यावर बोटाच्या पेराएवढे केस आले होते, मऊ आणि जरा कुरळे, माझ्या आधीच्या केसांसारखे नाहीत. वन्सं म्हणाल्या होत्या तसं, परत वाढतात. गाडीतून उतरून मी घरी न जाता थेट शेताकडे निघाले. हे मागून म्हणत होते, "अगं, चहा तरी घे."

दगड रिकामा होता. दाराशी चुन्याचं पोतं, बादली, साबण. आतून अळ्या पाला खात असल्याचा तो आवाज, परातीत बारीक पीठ चाळल्यासारखा, जो मी कितीतरी महिने ऐकला नव्हता. मी दारात पाय ठेवला आणि थांबले.

आत, रॅकच्या दोन रांगांमध्ये, कासोटा घालून, काखेत तुतीच्या फांद्या धरून आत्याबाई उभ्या होत्या. एकेक फांदी अशी ठेवत होत्या जशी आंबील भरवायच्या.

"आत्याबाई, तुम्ही आत?"

"मंग? तू दवाखान्यात पडलेली, तो एकटा. पारी किती दिवस येणार?" त्यांनी वळूनही बघितलं नाही. "काय म्हणली डॉक्टरीण?"

"गाठी न्हाईत म्हणल्या."

त्यांच्या हातातली फांदी तशीच राहिली, अळ्यांच्या वर, हवेत. एक अळी डोकं वर करून तिच्याकडे पोचायला बघत होती. मग त्यांनी फांदी खाली ठेवली, नीट, आणि माझ्याकडे बघितलं. डोळे भरलेले होते, पण आवाज नेहमीचाच.

"अन् तशीच आली व्हय आत? दवाखान्यातून? सतरा जणांचे रोग घेऊन? मागं हो. पाय पूस. हात धू आधी."

इतके महिने सगळं जग हात धुऊन माझ्याजवळ येत होतं. आज माझ्यापासून दुसऱ्याला जपायचं होतं.

मी मागं झाले. चुन्यावर पाय पुसले. बादलीतलं पाणी घेऊन हात धुतले.

"परत धू," त्या आतून म्हणाल्या.

मी परत धुतले.